डर्ट लेट मॉडेलचं इंजिन निवडताना हॉर्सपॉवर शेवटी का बघायची

डर्ट लेट मॉडेल, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर शर्यतीत पळणाऱ्या गाडीसाठी इंजिन घ्यायला निघालेला माणूस बहुधा हॉर्सपॉवरच्या आकड्यापासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. हा आकडा शेवटी बघायचा असतो. आधी तीन गोष्टी पक्क्या हव्यात: कोणाच्या नियमांखाली पळणार, कोणत्या ट्रॅकवर पळणार, आणि घेतलेलं इंजिन खोलून पुन्हा बांधायला दरवर्षी किती पैसे बाजूला काढता येतील. या तिन्हींची उत्तरं कागदावर आली की बाजारातली बहुतेक इंजिनं आपोआप बाद होतात.

हा खेळ अमेरिकेतला, त्यातही दक्षिणेकडच्या आणि मिडवेस्टमधल्या राज्यांचा. गावाबाहेर चिकणमातीचा लंबगोल ट्रॅक, बहुधा पाव ते अर्धा मैल लांबीचा. गाड्या कायम डावीकडे वळतात, आणि वळणात नाक आत, शेपूट बाहेर अशा तिरक्याच पळतात. गाडी म्हणजे लोखंडी नळ्यांची चॅसी, वर पातळ पत्रा, पुढे व्ही-८ इंजिन आणि ताकद मागच्या चाकांना. ड्रायव्हर धरून वजन २३०० पौंडांच्या, म्हणजे १०४५ किलोंच्या आसपास. आपल्याकडची १.२ लिटरची हॅचबॅक नऊशे किलोंच्या घरात असते आणि तिची ताकद ८०-९० हॉर्सपॉवर. इथे वरच्या वर्गात ७ लिटरचं इंजिन आणि साडेआठशेच्या वर हॉर्सपॉवर. ओहायोतल्या एल्डोरा ट्रॅकवर १९७१ पासून होणारी 'वर्ल्ड १००' ही या गाड्यांची सर्वांत मानाची शर्यत मानली जाते.

नियमपुस्तक आधी, कॅटलॉग नंतर

ढोबळ मानाने तीन वर्ग आहेत.

सुपर लेट मॉडेल हा खुला वर्ग. 'वर्ल्ड ऑफ आउटलॉज' आणि 'लुकास ऑइल' या देशभर फिरणाऱ्या मालिका याच वर्गाच्या. इथली इंजिनं ॲल्युमिनियम ब्लॉकची, साधारण ४०० ते ४४० घनइंचांची, ८००० आरपीएमपर्यंत आणि त्यापुढेही फिरणारी. वर एकच चार-बॅरलचा कार्ब्युरेटर. टर्बो नाही, फ्युएल इंजेक्शन नाही. घनइंच, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचं मिळून आकारमान, काढायचं सूत्र सोपं आहे: बोअर (सिलिंडरचा व्यास) गुणिले बोअर गुणिले स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) गुणिले ०.७८५४ गुणिले सिलिंडरांची संख्या. बोअर ४.१६५ इंच आणि स्ट्रोक ४ इंच असेल तर ८ सिलिंडरांचे ४३६ घनइंच होतात, म्हणजे ७.१ लिटर.

लिमिटेड वर्गात बिडाचा ब्लॉक आणि जुन्या धाटणीची २३ अंशांची हेड (सिलिंडरांवरची, व्हॉल्व्ह बसवलेली झाकणं) बंधनकारक असतात. बाकी तपशील दर प्रांताला बदलतात. हे अंश म्हणजे सिलिंडरच्या अक्षाशी व्हॉल्व्हचा कोन. कोन जितका कमी तितका हवेचा रस्ता सरळ आणि ताकद जास्त, म्हणून सुपरच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह बरेच उभे केलेले असतात. लिमिटेडचं नियमपुस्तक दोन शेजारच्या ट्रॅकवरही सारखं असेल याची खात्री नाही. एका ट्रॅकचं इंजिन शेजारच्या जिल्ह्यात चालत नाही, आणि ते विकायला गेलं की गिऱ्हाईकही तेवढ्याच पट्ट्यात मिळतं.

तिसरा वर्ग क्रेट. हे इंजिन जनरल मोटर्सच्या कारखान्यातून तयार होऊन, बोल्टना सील लावून येतं. आत हात घालायचा नाही. लेट मॉडेलमध्ये मुख्य चालतं ते ६०४: ३५० घनइंच, म्हणजे ५.७ लिटर, बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमची हेड, ९.६ ला १ कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते), हायड्रॉलिक रोलर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), ५६०० आरपीएमला ४०४ हॉर्सपॉवर. त्याचा धाकटा भाऊ ६०२: बिडाची हेड, ३५० हॉर्सपॉवर, खालच्या वर्गांत जास्त दिसतो. काही मालिका सीटी५२५ घेऊ देतात, ते ६.२ लिटरच्या एलएस घराण्यातलं, ५२५ हॉर्सपॉवरचं इंजिन.

सगळ्यात आधी हे करा: घरापासून दोन तासांच्या अंतरावर जेवढे ट्रॅक आहेत त्यांची चालू वर्षाची नियमपुस्तकं उतरवून घ्या. मागच्या वर्षीची नकोत. त्यात चार ओळी शोधा: कोणती इंजिनं चालतात, प्रत्येक इंजिनाला किमान वजन किती, कार्ब्युरेटर कोणता, आणि रेव्ह लिमिटरची, म्हणजे इंजिनाला ठरावीक आरपीएमवर अडवणारी चिप किती आरपीएमची. वजनाची ओळ लोक वाचत नाहीत. खुल्या वर्गात बिडाचा ब्लॉक किंवा क्रेट इंजिन आणणाऱ्याला कित्येक ठिकाणी हलकी गाडी चालते. बिडाचा ब्लॉक ॲल्युमिनियमपेक्षा ऐंशीएक पौंडांनी जड असतो आणि ते सगळं वजन गाडीच्या पुढच्या भागात बसतं, त्यामुळे ही सूट दिसते तेवढी उदार नसते. तरी छोट्या, निसरड्या ट्रॅकवर तिचा हिशेब जमू शकतो.

नवख्याला आमचं स्पष्ट सांगणं: जवळच्या ट्रॅकवर क्रेट वर्गात पुरेशा गाड्या येत असतील तर ६०४ घ्या. जुनं, स्वस्तात मिळणारं सुपरचं इंजिन घेऊ नका. त्याची किंमत कमी दिसते कारण विकणाऱ्याला पुढचं बांधकाम टाळायचं असतं.

डायनोच्या कागदावर काय बघायचं

बिल्डर इंजिनासोबत डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा कागद देतो आणि त्यावर ठळक अक्षरांत सगळ्यात मोठा आकडा छापलेला असतो. त्याच्या आधी कोपऱ्यातलं बारीक अक्षर वाचा. हवा थंड आणि दाट असली की इंजिन जास्त ताकद देतं, म्हणून मोजलेला आकडा एका ठरावीक हवामानाला आणून छापतात. अमेरिकेत याच्या दोन पद्धती रूढ आहेत. एसटीपी पद्धत ६० अंश फॅरनहाइट तापमान आणि २९.९२ इंच दाब धरते. एसएई पद्धत ७७ अंश आणि २९.२३ इंच. पहिल्या पद्धतीचा आकडा दुसरीपेक्षा सुमारे ४ टक्के फुगलेला दिसतो. एका बिल्डरचे ८८० एसटीपी हॉर्सपॉवर आणि दुसऱ्याचे ८४५ एसएई हॉर्सपॉवर म्हणजे व्यवहारात एकच इंजिन. त्यात दोन दुकानांचे डायनोही एकमेकांशी जुळत नाहीत. तुलना करायचीच तर एकाच डायनोवर, एकाच पद्धतीने, एकाच एक्झॉस्ट हेडरसह (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांसह).

आता मुख्य गोष्ट. टॉर्क म्हणजे क्रँकला मिळणारा पीळ आणि हॉर्सपॉवर म्हणजे तो पीळ किती वेगाने दिला जातो त्याचा हिशेब: टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ५२५२. ६०४ इंजिन ४६०० आरपीएमला ४०६ पौंड-फूट टॉर्क देतं, म्हणजे तिथे ३५६ हॉर्सपॉवर. ५६०० ला टॉर्क ३७९ वर उतरतो, पण आरपीएम वाढल्यामुळे हॉर्सपॉवर ४०४ होते. गाडी वळणातून बाहेर पडते तेव्हा इंजिन शिखरावर नसतंच, ते शिखराच्या हजार-दीड हजार आरपीएम खाली असतं. म्हणून कागदावर शिखराऐवजी सर्वांत वरच्या अडीच हजार आरपीएमचा पट्टा बघायचा. सुपरचं इंजिन असेल तर साधारण ५५०० ते ८०००. दर ५०० आरपीएमला टॉर्क लिहून काढा आणि सरासरी घ्या. शिखर १५ हॉर्सपॉवरने कमी, पण सरासरी १० पौंड-फुटांनी जास्त असलेलं इंजिन बहुतेक ट्रॅकवर पुढे निघेल. रेषेत मध्येच खड्डा असेल, म्हणजे टॉर्क वाढता वाढता अचानक पडून पुन्हा चढत असेल, तर ते इंजिन ड्रायव्हरला रडवतं: तो पॅडल तेवढंच दाबून असतो, पण खड्डा संपताक्षणी ताकद एकदम येते आणि मागची चाकं सुटतात.

ट्रॅक काय मागतो

मातीचा ट्रॅक एका रात्रीत तीनदा स्वभाव बदलतो. संध्याकाळी पाणी मारून रोलर फिरवलेली माती ओली आणि चिकट असते, चाकं घट्ट धरते आणि जास्त ताकदीचं इंजिन तिथे उठून दिसतं. दोन-तीन तासांत गाड्यांनी माती बाहेर फेकलेली असते, खालचा थर सुकून गुळगुळीत, काळपट होतो. मुख्य शर्यत बहुधा याच पृष्ठभागावर होते. इथे ८५० हॉर्सपॉवरच्या गाडीला पूर्ण थ्रॉटल द्यायला सरळ पट्ट्याचा थोडासाच भाग मिळतो.

एल्डोरा अर्ध्या मैलाचा, उंच उताराच्या वळणांचा. तिथे ड्रायव्हर पॅडल बराच वेळ खाली ठेवू शकतो आणि वरच्या आरपीएमची ताकद थेट वेगात उतरते. इलिनॉयमधला फेअरबरी पाव मैलाचा. तिथे गाडी सतत वळणातच असते, म्हणून पिकअप नरम आणि अंदाजात येणारा हवा. दोन्हीकडे जाणारे व्यावसायिक संघ ट्रेलरमध्ये दोन वेगळी इंजिनं घेऊन फिरतात. एकच इंजिन परवडणाऱ्याने आपल्या हंगामातल्या निम्म्याहून अधिक रात्री ज्या लांबीच्या ट्रॅकवर जातात त्याप्रमाणे घ्यावं आणि उरलेल्या रात्रींची तजवीज मागच्या ॲक्सलच्या गिअरने करावी.

हा गिअर बदलणं या गाड्यांत दहा मिनिटांचं काम आहे, कारण मागच्या घरावरचं झाकण काढून आतले दोन छोटे गिअर बदलता येतात. गणित असं. ताशी १ मैल म्हणजे मिनिटाला १०५६ इंच. मागच्या उजव्या टायरचा घेर ९२ इंच आणि सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग ताशी ९० मैल (१४५ किलोमीटर) असेल तर १०५६ गुणिले ९० भागिले ९२, म्हणजे चाक मिनिटाला १०३३ फेऱ्या घेतं. गिअरचं प्रमाण ५.९ असेल तर इंजिन सुमारे ६१०० आरपीएमवर. गिअरबॉक्स वरच्या गिअरमध्ये सरळ जोडणीचा असल्यामुळे त्याचा वेगळा गुणाकार नाही. हे चाक अजिबात न घसरता झालं. मातीवर ५ ते १० टक्के घसरण गृहीत धरा, म्हणजे आणखी ३०० ते ६०० आरपीएम.

६०४ वाले इथेच चुकतात. शेजारच्याचा गिअर ६.२ आहे म्हणून आपणही तोच लावायचा, इंजिन ६७०० वर किंचाळतं, ऐकायला जोरदार वाटतं. पण त्याची ताकद ५६०० नंतर उतरू लागते. ६५०० च्या पुढे व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमचा वेग पकडू शकत नाहीत, व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही आणि सिलिंडरमधला दाब गळतो. शर्यतीत मिळतं काहीच नाही, आणि स्प्रिंगांचं आयुष्य निम्मं होतं. ज्या ट्रॅकवर चिपची सक्ती असते तिथे लिमिटरला टेकणं तर याहून वाईट, कारण प्रत्येक टेकण्याला इंजिन अडखळतं आणि त्यात गाडीची घसरणही बदलते. सरळ पट्टा संपताना इंजिन शिखराच्या तीन-चारशे आरपीएम वर असेल असा गिअर ठेवा आणि ट्रॅकवरून परत आल्यावर दरवेळी टॅकोमीटरची मेमरी वाचा.

सुपरचं इंजिन निसरड्यावर जास्तच होत असेल तर ते मवाळ करण्याचे कायदेशीर मार्ग आहेत: टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) दोन-चार अंश मागे घेणं, थ्रॉटलच्या दांड्यांचं प्रमाण बदलून पॅडलचा पहिला अर्धा प्रवास हळू करणं, कार्ब्युरेटरखालचा स्पेसर बदलणं. इलेक्ट्रॉनिक ट्रॅक्शन कंट्रोल मात्र सगळीकडे बंद आहे, आणि इग्निशनच्या पेटीत तसलं काही सापडलं तर नुसता दंड करून सोडत नाहीत.

क्रेट घेतलं म्हणजे काम संपलं असं नाही

सगळ्यांचं इंजिन सारखं, म्हणून जिंकणं ड्रायव्हरवर, ही क्रेटची जाहिरात अर्धी खरी आहे. सीलच्या बाहेर बरंच काही उरतं.

कार्ब्युरेटर बहुतेक ठिकाणी होली कंपनीचा ६५० सीएफएम (मिनिटाला तेवढे घनफूट हवा). त्याचे जेट, म्हणजे इंधन सोडणारी छिद्रं, हवामानाप्रमाणे बदलावे लागतात. टायमिंगसाठी ६०४ ला कारखान्याची शिफारस ४००० आरपीएमला एकूण ३२ अंश. काही जण त्याहून पुढे नेतात. दोन अंशांत सापडणारी ताकद मोजताही येणार नाही इतकी असते आणि गरम रात्री पिस्टनची किंमत मोजावी लागते. हेडर नियमात बसणारा, १ ५/८ वरून १ ३/४ इंचावर जाणाऱ्या पायरीच्या नळ्यांचा घेतला तर वळणातून निघताना टॉर्क चांगला राहतो. सुपरचा जाड नळ्यांचा हेडर लावला की तोच टॉर्क हरवतो.

इंधनावर पैसे उधळू नका. ९.६ कॉम्प्रेशनला अमेरिकन पंपावरचं ९२ ऑक्टेन पुरतं. (तिथला ९२ हा दोन मोजमापांची सरासरी असतो, भारतातल्या पंपावरच्या आकड्यात तो ९६-९७ च्या आसपास बसतो.) ११० किंवा ११२ ऑक्टेनच्या महाग रेसिंग इंधनाने ताकद वाढत नाही. ऑक्टेन म्हणजे वेळेआधी न पेटण्याची क्षमता. इंजिनाला ती लागत नसेल तर तिचा उपयोग शून्य. सुपरच्या १४-१५ कॉम्प्रेशनला मात्र ती लागतेच. काही सुपरवाले आणि काही ट्रॅक मिथेनॉल वापरतात. ते इंजिन थंड ठेवतं, पण पेट्रोलच्या दुप्पट लागतं, ऑइलमध्ये मिसळतं, आणि रात्र संपल्यावर कार्ब्युरेटरमधून धुऊन काढलं नाही तर ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते.

फ्लायव्हील बदलताना एक खुबी लक्षात ठेवा. ६०२ आणि ६०४ या दोन्हींची क्रँकच्या मागच्या टोकाची ऑइल सील (बोल्टवरची नव्हे) एकसंध प्रकारची आहे आणि क्रँकच्या तोलाचा काही भाग फ्लायव्हीलवर किंवा फ्लेक्सप्लेटवर वजन देऊन साधलेला असतो. त्या जागी रेसिंगची समतोल, वजनाविना येणारी चकती लावली तर इंजिन सुरू होतं, कामही करतं, आणि दोन-चार रात्रींत मागचं मुख्य बेअरिंग खाऊन टाकतं. खरेदी करताना एकसंध सीलच्या ३५० साठी वजन दिलेली चकती मागायची.

स्प्रिंगा हा ६०४ चा खरा कच्चा दुवा. नव्याने मोजलेला दाब लिहून ठेवा. त्यात १० टक्के घट झाली की बदलायच्या. पण सील स्वतः तोडायची नाही. मालिकेने मान्यता दिलेल्या दुकानातच ती उघडून पुन्हा लावतात. तपासणीत सील हलल्याची खूण दिसली, किंवा हेडवरचं झाकण काढून डायल इंडिकेटरने मोजलेली व्हॉल्व्हची उचल इनटेकला ०.४७४ आणि एक्झॉस्टला ०.५१० इंचांशी जुळली नाही, तर बक्षीस जातं आणि कित्येक ठिकाणी इंजिनही जप्त होतं. खुल्या वर्गांतही घनइंच तपासायला सिलिंडरला पंप जोडून मोजतात, आणि कॉम्प्रेशन तपासायला व्हिसलर नावाचं उपकरण लावतात, जे सिलिंडरमधल्या आवाजाच्या लहरीवरून आकडा काढतं. इंजिन न खोलता दहा मिनिटांत.

धूळ

मातीवर इंजिन सर्वाधिक मरतं ते धुळीने, आणि ते सावकाश मरत असल्याने कळत नाही. बारीक वाळूचे कण रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीवर घासतात. चार-सहा रात्रींत क्रॉसहॅच, म्हणजे होनिंगच्या बारीक तिरक्या रेषा पुसल्या जातात, इंजिन ऑइल खायला लागतं आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येतो. दोष बहुधा फिल्टरच्या कागदाचा नसतो. तो असतो फिल्टरची बैठक आणि कार्ब्युरेटर यांच्यामधल्या रबराच्या रिंगचा. मधला बोल्ट सैल, बैठक किंचित वाकडी, रिंग कडक झालेली: एवढ्या फटीतून पुरेशी धूळ जाते. दर रात्री फिल्टर काढल्यावर कार्ब्युरेटरच्या तोंडाच्या आत पांढरं फडकं फिरवा. ते तपकिरी झालं तर हवा बाहेरून शिरते आहे. बैठकीवर पातळ ग्रीसचा थर लावा आणि फिल्टरवर कापडी आवरण चढवा, पण आवरण चिखलाने माखलं की धुतलंच पाहिजे, नाहीतर इंजिन गुदमरून मिश्रण जड होतं.

चिखल रेडिएटरवरही बसतो. पुढच्या गाडीने फेकलेली माती जाळीत अडकली की पाच फेऱ्यांत तापमान २४० अंश फॅरनहाइटच्या वर जातं, आणि मग हेड गॅस्केट. रेडिएटरपुढे बारीक जाळी लावतात आणि गाडी ट्रॅकवरून परत आली की दरवेळी ती झटकतात. रेडिएटर मोठा घेण्यापेक्षा हे जास्त कामाचं.

तिसरी गोष्ट ऑइल. गाडी सतत डावीकडे वळते, म्हणून ऑइल उजवीकडे धावतं. ६०४ च्या पॅनला यासाठी उजवीकडे फुगा असतो आणि त्यात साधारण आठ क्वार्ट (साडेसात लिटर) ऑइल बसतं. पातळी अर्धा क्वार्ट कमी झाली तरी लांब वळणात पंप हवा ओढतो. सुपरमध्ये ड्राय सम्प असतो, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत आणि बेल्टवर चालणारा पंप ते पॅनमधून सतत उपसतो; तिथे पातळीइतकीच काळजी बेल्टची घ्यायची. दाबाचा जुना ठोकताळा अजून खरा आहे: दर १००० आरपीएमला किमान १० पीएसआय (चौरस इंचाला पौंड).

पैशाचा हिशेब आणि जुनं इंजिन

नवं ६०४ आज दहा हजार डॉलरच्या आगेमागे पडतं. नामवंत बिल्डरकडचं सुपरचं इंजिन पन्नास हजारांच्या वर जातं. केंटकीतल्या समरसेटचं कॉर्नेट किंवा साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गचं क्लेमेंट्स अशी दुकानं या धंद्यात पिढ्यान् पिढ्या ओळखली जातात. सुपरचं इंजिन नियमित पळत असेल तर हंगामात किमान एकदा खोलावं लागतं. टायटॅनियमचे व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, लिफ्टर (कॅमवर टेकून व्हॉल्व्हला उचल देणारे दट्टे), बेअरिंग, रिंगा बदलल्या की बिल सहज पाच आकड्यांत जातं. इंजिन घेण्यापूर्वी बिल्डरला विचारायचा प्रश्न एकच: "एका बांधकामानंतर किती फेऱ्या, आणि पुढच्या बांधकामाला किती पैसे?" उत्तर लेखी घ्या.

जुनं इंजिन बघायला जाताना लीक-डाउन टेस्टर, म्हणजे सिलिंडरमधली हवेची गळती मोजणारं उपकरण, सोबत न्या. इंजिन गरम करा, एकेक पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, क्रँक हलू नये म्हणून अडकवा, आणि प्लगच्या जागी १०० पीएसआय हवा सोडा. सुपरच्या ताज्या इंजिनात ५ टक्क्यांच्या आसपास गळती ठीक, क्रेटमध्ये १० पर्यंत चालून जाते, १५ च्या वर गेली की किंमत पाडायची किंवा निघून यायचं. गळती कुठून होते ते कानांनी कळतं. एक्झॉस्टमध्ये सूंऽऽ आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमध्ये आला तर इनटेक, ब्रीदरमध्ये आला तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट किंवा तडा गेलेलं हेड. एकाच सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा वेगळा असेल तर त्याला सरासरीत लपू देऊ नका.

सुपरमध्ये सॉलिड रोलर लिफ्टर असतात, म्हणून व्हॉल्व्हची फट विकणाऱ्यासमोर मोजा आणि त्याची मागची नोंदवही मागा. दोन रात्रींत एखाद्या व्हॉल्व्हची फट ०.००४ इंचांहून जास्त सरकली असेल तर लिफ्टरची चाकं, रॉकर किंवा व्हॉल्व्हची बैठक यांपैकी काहीतरी जातंय. नोंदवहीच नाही म्हणणारा माणूस इंजिन विकत नसतो, अंदाज विकत असतो. क्रेट असेल तर प्रत्येक सीलचा फोटो काढा, क्रमांक मालिकेच्या कार्यालयात फोन करून पडताळा, आणि मगच पैसे द्या.

पहिल्यांदा सुरू करताना

नव्या इंजिनाचा ऑइल पंप आधी ड्रिलने फिरवून दाब आणा, मगच स्टार्टर. ६०२ चा कॅम सपाट लिफ्टरचा आहे. त्याला पहिली २०-३० मिनिटं २००० आरपीएमच्या वर, कमी-जास्त करत चालवावं लागतं, जस्त-फॉस्फरस जास्त असलेल्या ब्रेक-इन ऑइलवर. सुरू होताच संथ आयडलवर सोडलं तर कॅमचे उंचवटे तिथेच घासतात. ६०४ ला रोलर असल्याने हा सोपस्कार लागत नाही, पण स्प्रिंगा आणि रिंगा बसायला दोन-तीनदा गरम करून पूर्ण थंड होऊ द्या.

पहिल्या सरावानंतर ऑइल फिल्टर कापा. कात्रीने नाही, फिल्टर कटरने, म्हणजे कापताना लोखंडाचा चुरा आत पडत नाही. कागद उलगडून, पिळून, उजेडात पसरा. पहिल्या वेळी थोडे बारीक चमकदार कण दिसतील; ते चालतं. खपल्यांएवढे तुकडे दिसले तर चुंबक फिरवा. चिकटले तर कॅम, लिफ्टर किंवा रिंगांचं लोखंड. न चिकटणारे, राखाडी-रुपेरी असतील तर बेअरिंग. दोन्ही प्रसंगी बिल्डरला फोन जाईपर्यंत स्टार्टरच्या बटणाला हात लावायचा नाही.